टेपचं दुसरं टोक

रविवार, २ मार्च

आज क्लबच्या कँटीनमध्ये रूडने एक काम माझ्या गळ्यात मारलं आणि मी जरा जास्तच चटकन हो म्हणालो. सायकलवरून घरी येताना तेच टोचत होतं.

आमच्या 'हेरन्स' क्लबला यंदा पंचवीस वर्षं होतायत. क्लब अमेरिकन फुटबॉलचा. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि सगळा खेळ एका माणसाभोवती फिरतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू लांबवर फेकायचं काम त्याचं. नेदरलँड्समधल्या बेस्टसारख्या गावात हा खेळ खेळतं तरी कोण, असं आई दर फोनला विचारते. आम्ही खेळायचो. आता गुडघे कुरकुरतात म्हणून कॉफी पितो आणि वाद घालतो. वाद वर्षानुवर्षं एकच आहे: आजवरच्या क्वार्टरबॅकांमध्ये सगळ्यात दणकट हात कुणाचा? ज्याने क्लब काढला त्या रूडचा, काइल नावाच्या अमेरिकन पाहुण्याचा, स्टाइनचा, की आमच्या अनिमेषचा?

अनिमेष माझा कॉलेजपासूनचा मित्र. पुण्यात तो सीमारेषेवरून विकेटकीपरच्या हातात थेट चेंडू द्यायचा. इथली नोकरी त्याला मी सुचवली आणि क्लबवरही मीच घेऊन गेलो. तेव्हा मी क्वार्टरबॅक व्हायच्या बेतात होतो. त्याने पहिल्याच दिवशी एक चेंडू टाकला आणि माझा बेत तिथेच संपला. पुढे चार मोसम मी राखीव. प्रत्यक्ष सामन्यात एकदाच उतरलो, शेवटच्या काही सेकंदांसाठी, सामना जिंकल्यात जमा होता तेव्हा. अशा वेळी चेंडू हातात घेऊन नुसता गुडघा टेकायचा असतो, म्हणजे वेळ संपते. मी टेकला. ह्याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही.

रूड म्हणाला, "अंबरीश, तू ऑफिसात नॅनोमीटर मोजतोस. आपल्याकडे जुने व्हिडिओ आहेत. मोज आणि मिटव एकदाचं."

"मोज रे," अनिमेष हसत म्हणाला. "माझी फेक साठ यार्ड आहे, आत्ताच लिहून ठेव."

त्याची मुलगी जुई शेजारी बसून ऐकत होती. ती आता मुलींच्या संघात हाच खेळ खेळते आणि ह्या उन्हाळ्यात बाबा तिला लांब फेक शिकवणार आहे.

मंगळवार, ११ मार्च

मोजायला बसलो. पद्धत साधी आहे. मैदानावर दर दहा यार्डांवर आडवी पांढरी रेघ असते. चेंडू सुटला तिथपासून पडला तिथपर्यंत अशी किती अंतरं, ते मोजायचं. फक्त एक गोम आहे, आणि ती माझ्या लक्षात आहे ह्याचा मला अभिमान वाटला. कालव्याकाठचं आमचं जुनं मैदान साध्या फुटबॉलचं, भाड्याचं. ते लांबीला कमी पडायचं, म्हणून रेघा दाटीने आखलेल्या होत्या. दहा यार्ड म्हणजे नऊ मीटर चौदा सेंटिमीटर. तिथे आठच मीटर. जुन्या मैदानावरच्या फेकी त्या हिशोबाने कमी धरायला हव्यात. नवख्या माणसाने इथे हमखास माती खाल्ली असती.

रूड पन्नास मीटर. स्टाइन नव्या मैदानावरचा, एक्कावन्न. काइल एकोणपन्नास आला, ते काही पटेना. तो माणूस लहानपणापासून हेच खेळत आलेला. पुन्हा तपासलं तर कॅमेरा तिरका होता. दुरुस्ती केल्यावर त्रेपन्न आला. हे बरोबर वाटलं.

रविवार, १६ मार्च

अनिमेषची ती गाजलेली फेक मोजली. सहा अंतरं, जुनं मैदान. आठ सक अठ्ठेचाळीस. चौघांत शेवटचा.

म्हणजे साठ यार्ड नव्हेतच, बावन्न. इतकी वर्षं आम्ही सगळे साठ साठ करत होतो. माणूस दिसायला उंच, बोलायला गोड, की लोक त्याच्या हाताचीही लांबी वाढवतात. मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

सुरुची, माझी बायको, चहा घेऊन आली. पडद्यावर बघून म्हणाली, "अय्या, अनिमेष शेवटचा? परत बघितलंस का?"

"क्लिप स्वच्छ आहे. परत काय बघायचं?"

"त्याला आधी फोन तरी कर. असं सगळ्यांसमोर कशाला?"

ती म्हणते त्यात तथ्य आहे. पण मग बाकीच्यांना आधी का नाही सांगितलं, असा प्रश्न येईल. सगळ्यांना एकदमच कळलेलं बरं. चहा गार झाला, तरी मी ती क्लिप लावून बसलो होतो. फेक सुंदर आहे ह्यात वाद नाही.

शनिवार, २९ मार्च

आज कँटीनमध्ये पडदा लावून निकाल दाखवला. पद्धत समजावली, जुन्या मैदानाच्या आठ मीटरवर एक अख्खी स्लाइड खर्च केली. लोकांनी मन लावून ऐकलं. ह्या क्लबमध्ये पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे इतका वेळ बघत होतं.

त्या स्लाइडवर अनिमेषने पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बराच वेळ पाहत राहिला. काही बोलेल असं वाटलं. शेवटी चार पट्टे दाखवले, त्यातला त्याचा सगळ्यात आखूड. हशा झाला. कुणीतरी म्हणालं, साठ यार्ड ते भारतीय यार्ड असतील. मीही हसलो. अनिमेषने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतरही दोन वाजवल्या.

जुई म्हणाली, "बाबा, यू आर लास्ट?" ती थट्टेने म्हणाली असावी. तिच्या चेहऱ्यावर मात्र थट्टा नव्हती.

रूडने त्या तक्त्याचा मोठा फलक छापून भिंतीवर लावायचं ठरवलं आहे, खाली माझ्या नावासकट. मला उगाचच चोरासारखं वाटत होतं. खरं तेच तर सांगितलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा

पाडवा आणि उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायचा दिवस एकाच रविवारी आला. अनिमेष दर वर्षी सकाळीच येऊन गुढी बांधतो, कारण बाल्कनीच्या वरच्या कठड्याला त्याचाच हात पोचतो. आज आला नाही. मी स्टुलावर चढून बांधली, जरा तिरकी झाली. तो, त्याची बायको मंजूषा आणि जुई, तिघं जेवायलाच उगवले. "एक तास गेला ना घड्याळात," तो म्हणाला. मला वाटलं, कालचं मनात धरलंय.

पण जेवताना तो नेहमीपेक्षा गोड बोलत होता. पुरी मात्र डाव्या हाताने खात होता. मी म्हटलं, "डावखुरा कधीपासून झालास? आई इथे असती तर ताट काढून घेतलं असतं तुझ्यापुढचं."

"बदल म्हणून," तो म्हणाला.

जुईने श्रीखंडाला हात लावला नाही. मंजूषाने तिला दोनदा विचारलं, बरं नाही का, तर नुसती मान हलवली. संध्याकाळी गुढी उतरवायची वेळ आली तेव्हा मी अनिमेषला हाक मारली. "तूच उतरव आज," तो सोफ्यावरूनच म्हणाला. चला, इतक्या वर्षांत एकदा तरी मान मला मिळाला. गुढी उतरवली, नमस्कार केला, साखरेची गाठी जुईला दिली. तिने 'थँक्स' म्हणून ती खिशात टाकली.

बुधवार, ९ एप्रिल

मंजूषाचा सुरुचीला फोन आला होता. अनिमेषच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटलाय. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे आधी पॅरासिटॅमॉल देऊन घरी पाठवलं, मग दुखणं थांबेना म्हणून स्कॅन झाला. ऑपरेशन करावं लागेल. नंतर रोजची कामं जमतील. लांब फेक पुन्हा जमेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

झालं पाडव्याच्या सकाळी. जुईला घेऊन मैदानावर गेला होता. गवतावर दव, हवेत गारठा, अंग गरम करायचं कुणाला सुचलं नाही. दहा वर्षांत न टाकलेली फेक टाकायला गेला. तिसऱ्या चेंडूला हात खाली आला तो आलाच. जुईला सांगितलं, आईला बोलू नकोस, सणाचा दिवस आहे. मग आमच्याकडे येऊन पुरी खाल्ली.

हे सांगताना सुरुची माझ्याकडे बघत नव्हती. मीच म्हणालो, "आकडा खरा होता. खरं सांगितल्याचं पाप मला कसं लागेल?"

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली.

पाडव्याला मी त्याच्या डाव्या हातावर विनोद केला होता. तो हसलाही होता.

शनिवार, २६ एप्रिल. कोनिंग्सडाख

राजाच्या वाढदिवसाला सगळं गाव आपली अडगळ रस्त्यावर मांडून विकतं. आम्हीही दर वर्षी चादर अंथरतो. सकाळी शेडमधून सामान काढताना तो लांब टेप हाती लागला, मैदान मोजायचा. पिवळा, चुन्याने माखलेला. विकायला ठेवावा म्हणून पुसत होतो. नऊ मीटर चौदावर लाल ठिपका दिसला. नेलपेंटचा.

ते नेलपेंट सुरुचीचं. ठिपका मी दिलेला.

मग सगळंच आठवलं. अनिमेषच्या दुसऱ्या वर्षी लीगने बजावलं होतं की मैदान पूर्ण मापाचं नसेल तर घरचे सामने मिळणार नाहीत. गोलच्या मागची गवताची पट्टी मालकाने वापरायला दिली आणि आम्ही दोघांनी एका शनिवारी कालव्याकाठचं जुनं मैदान नव्याने आखलं. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. वाऱ्याने टेप फडफडत होता म्हणून दर रेघेला अंक वाचण्यापेक्षा खूण केलेली बरी, ही अक्कल माझीच. त्यानंतर त्या मैदानावर आठ मीटरची रेघ राहिलीच नाही. रूड आणि काइलच्या फेकी त्याआधीच्या. आणि त्याची ती फेक तिसऱ्या वर्षीची.

चादरीवर बसूनच फोनवर हिशोब केला. पंचावन्न मीटर. साठ यार्ड, बरोब्बर. चौघांत पहिला.

एका बाईने टेपची किंमत विचारली. विकायचा नाही म्हटलं. "मग मांडलाय कशाला?" ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं.

रविवार, ४ मे

मंगळवारी त्याचं ऑपरेशन आहे. मी अजून काही बोललेलो नाही.

कारणं माझ्याकडे आहेत. ऑपरेशनच्या आधी मनस्ताप नको. आता सांगून खांदा थोडाच जोडला जाणार. उलट आपला हात फुकट गेला हे त्याला कळेल, आणि ते जास्त वाईट. ही कारणं मी सुरुचीला ऐकवली. ती म्हणाली, "कारणं चांगली आहेत. तू किती दिवस जमवतोयस ती?"

आज संध्याकाळी आठला युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं सगळा देश गप्प उभा राहतो. आम्हीही चौकात जाऊन उभे राहिलो. बस थांबली, सायकली थांबल्या. पलीकडे मंजूषा आणि जुई दिसल्या. जुईने मला पाहून हात हलवला, मग शांतता पाळायची आहे हे आठवून खाली घेतला. मी तिच्याकडे नीट बघू शकलो नाही. मला लाज वाटते. ह्या वहीतसुद्धा ते लिहायला मला इतके दिवस लागले.

मंगळवार, १३ मे

आज गेलो. सुरुचीने थालीपिठं बांधून दिली होती, पण ती सोबत आली नाही. म्हणाली, हे तुझं तू कर.

अनिमेष खिडकीशी बसला होता, हात झोळीत. मंजूषा कामावर, जुई शाळेत. बरं झालं. मी टेप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि ठिपका वर येईल असा फिरवला. घरून भाषण तयार करून नेलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"जुन्या मैदानाच्या रेघा, अनिमेष. तुझी फेक झाली तोवर त्या पूर्ण मापाच्या झाल्या होत्या. आपणच…"

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"म्हणजे तू स्लाइडवर आठ लिहिलंस तेव्हाच दिसलं मला. अरे, टेपचं दुसरं टोक तुझ्याच हातात होतं."

"मग तिथेच बोलला का नाहीस?"

त्याने डाव्या हाताने थालीपिठाचा डबा उघडायचा प्रयत्न केला. झाकण निघेना. मी उघडून दिला.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," तो म्हणाला.

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा कान तापले. "मी मुद्दाम केलं असं वाटलं तुला?"

"वाटलं. चार सीझन तू बेंचवर बसलास माझ्यामुळे. क्लबमध्ये मला तूच आणलंस आणि तुझीच जागा मी घेतली. तू एकदाही काही बोलला नाहीस. म्हटलं, आता बोलतोय. बोलू दे."

"आणि पाडव्याला सकाळी?"

"ते तुझ्यासाठी नव्हतं. शनिवारी घरी गेल्यावर जुईने विचारलं, बाबा, सिक्स्टी खोटं होतं का? तिला काय सांगू? अंबरीशकाका खोटं बोलला म्हणू? त्यापेक्षा म्हटलं, टाकूनच दाखवतो."

मी म्हणालो की मुद्दाम नाही केलं, आईशपथ नाही. मला आठवलंच नव्हतं. तो "बरं" म्हणाला. थालीपीठ छान झालंय म्हणाला. निघताना दारापर्यंत आला आणि नेहमीच्या सवयीने उजवा हात पुढे करायला गेला. झोळी हलली, त्याचा चेहरा आवळला. मी त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो राहू दिला.

घरी येऊन रूडला सगळं कळवलं. फलक उतरवायला सांगितला.

मुद्दाम केलं नाही हे खरं आहे. ते मी आता कितव्यांदा म्हणतोय कुणास ठाऊक.

गुरुवार, २९ मे. हेमलफार्ट

आज क्लबचा पंचविसावा वाढदिवस. येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, ऊन, मैदानावर लहान मुलांची झुंबड. कँटीनमध्ये नवा फलक लागलाय. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं: मैदान नव्याने आखलं होतं, आखणाऱ्यांत मी होतो, आणि ते तपासायचं मी सोडलं. पहिला अनिमेष, साठ यार्ड. काइलची फेक पुन्हा तपासली होती आणि अनिमेषची नाही, हेही सांगितलं, कारण रूडने विचारलं की बाकीचे आकडे तरी खरे का. टाळ्या झाल्या. ह्या वेळी अनिमेषला त्या वाजवता आल्या नाहीत. तो घडीच्या खुर्चीत बसून नुसता मान डोलावत होता.

दुपारी मुलींच्या संघाची लांब फेकीची स्पर्धा होती. त्यासाठी कडेच्या रिकाम्या पट्टीवर नव्या रेघा आखायच्या होत्या. अनिमेषने मला बोलावून घेतलं, टेप आण म्हणाला. त्याची खुर्ची रेघेच्या टोकाशी, जुई चुन्याचा डबा घेऊन उभी.

ती म्हणाली, "काका, काइलचं यू चेक्ड ट्वाइस. बाबाचं व्हाय नॉट?"

"बाबाची क्लिप स्वच्छ होती," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. चौदा वर्षांची मुलगी, पण उत्तर मिळालेलं नाही हे तिला कळलं होतं. अनिमेष बुटाच्या लेसकडे बघत होता. तो तिला गप्प करू शकला असता. त्याने केलं नाही.

"काइलचा आकडा मला हवा तसा आला नव्हता," मी म्हणालो. "तुझ्या बाबाचा आला. तो शेवटचा यावा असं मला वाटत होतं, जुई. मला तेव्हा ते कळलं नाही. पण वाटत होतं."

मराठीत बोललो. तिला सगळं समजलं असावं, कारण ती माझ्याकडे न बघता बाबाकडे बघू लागली. उठून निघून जावं असं वाटलं, आणि तो जा म्हणाला असता तर गेलोही असतो.

अनिमेषने लेसवरून नजर काढली. टेपचं एक टोक डाव्या हाताने उचलून जुईच्या हातात दिलं. दुसरं माझ्यापुढे धरलं.

"धर," तो म्हणाला. "आणि ह्या वेळी विसरू नकोस."

मी टोक धरून लाल ठिपक्यापर्यंत मागे चालत गेलो.